महाडच्या दुपारी चिलीतली रात्र

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढणारी एसटी आमच्या वाडीच्या फाट्यावर थांबत नसे. त्या दिवशी बाबा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. रात्रपाळी संपवून महाडच्या औद्योगिक वसाहतीतून ते थेट फाट्यावर आले होते. अंगात कंपनीचा निळा शर्ट, त्याला तो कायमचा औषधी वास. ड्रायव्हरनं शिवी हासडली, पण ब्रेकही दाबला. माझी बॅग आणि तांदळाची पिशवी वर गेली. आई म्हणाली, "जा गो. रडायचं आसंल तर घाट चढल्यावर रड, हितं नको." मी घाट चढल्यावरही रडले नाही. वळणांवर उलटी होऊ नये एवढीच चिंता होती.

पुण्याच्या कॉलेजनं मला प्रवेश दिला होता, पण हॉस्टेल नाकारलं होतं. खिडकीशी येऊन बाबा तेवढंच म्हणाले, "नाय म्हणले तर परत इचारायचं." गाडी सुटली. हॉस्टेल मला तिसऱ्यांदा विचारल्यावर मिळालं.

वाडीतून बाहेर पडलेली मी काही पहिली नव्हे. आमच्याकडे प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी मुंबईत असतंच. तुम्ही सगळे मुंबईकर शिमग्याला येता, गणपतीला येता, येताना नवे शब्द आणि नवे बूट आणता. मी मात्र पुण्याहून आणखी पुढे, जर्मनीत गेले आणि ताऱ्यांच्या कामाला लागले. मग गावाकडून फोन आला की एकच प्रश्न, "काय काय दिसतं गो दुर्बिणीतून?" खरं उत्तर असं होतं की मला दुर्बीण मिळतच नव्हती.

हे आमच्या धंद्यातलं बाहेर कुणाला माहीत नसतं. मोठ्या दुर्बिणी जगात मोजक्या, चिलीसारख्या कोरड्या देशात, उंच डोंगरांवर. त्यातली कुठलीच तुमची स्वतःची नसते. वर्षातून दोनदा अर्ज मागवतात. त्याला आम्ही प्रपोजल म्हणतो. कुठला तारा, का बघायचा, किती तास हवेत, आत्ताच का, सगळं चार पानांत पटवायचं. मग कमिटी बसते आणि बहुतेकांना नाही म्हणते. मी हे आईला फोनवर समजावत होते तर ती मधेच म्हणाली, "म्हंजी टँकर. सगळ्यांना पायजेल, आन् येतो एकच." उन्हाळ्यात आमच्या वाडीला टँकर लागतो. यापेक्षा सोपं करून मी नंतर विद्यार्थ्यांनाही कधी सांगू शकले नाही.

मी ज्याच्यासाठी अर्ज करत होते तो तारा दिसायला अगदी सामान्य. पण परदेशातल्या कपाटांत ठेवलेल्या आकाशाच्या जुन्या काचेच्या फोटोंमध्ये तो मला एकदा अर्ध्याहून जास्त मंद झालेला सापडला. आजीच्या लहानपणीचे ते फोटो. त्याच्या आणखी मागच्या फोटोंमध्ये पुन्हा तसाच. माझा अंदाज असा की त्याला एक जोडीदार आहे, धुळीच्या मोठ्या चकतीत गुरफटलेला, आणि कित्येक वर्षांनी एकदा ती चकती ताऱ्यासमोरून जाते. जाते तेव्हा ताऱ्याचा उजेड धुळीतून गाळून येतो, आणि ग्रह ज्या धुळीतून घडतात ती कशाची बनली आहे ते वाचता येतं. माझ्या हिशेबानं ती वेळ जवळ येत होती. चुकली तर पुढची माझ्या हयातीत येणार नव्हती.

कमिटीनं पहिल्यांदा लिहिलं, कल्पना चांगली आहे, पण चार-दोन जुन्या फोटोंवर विसंबून एवढ्या मोठ्या दुर्बिणीचा वेळ देता येत नाही. दुसऱ्यांदाही नाही म्हणाले, फक्त वाक्यं थोडी जास्त सभ्य होती. माझी गाइड मार्था, तिच्या हाताखाली मी डॉक्टरेट केली, ती म्हणाली की आता दुसरा विषय धर, तुझी नोकरी कराराची आहे, हातात काही दाखवायला नको का? तिचं चूक नव्हतं. करार संपत आला होता. मी आठवडाभर दुसरे विषय वाचले आणि एकही गळी उतरला नाही. मग पुन्हा जुन्या फोटोंकडे वळले. आणखी दोन देशांतली कपाटं मेल पाठवून पाठवून उघडायला लावली. तारीख थोडी पक्की झाली.

याच काळात आमच्या वाडीच्या वरच्या डोंगराला भेग पडली. पावसाळ्यात एका सकाळी गोठ्यामागची जमीन हातभर खचलेली दिसली. जीव कुणाचा गेला नाही. पण अधिकारी आले, बघून गेले आणि म्हणाले, इथं राहता येणार नाही. सगळी वाडी खाली रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये आली. बाबा तोवर निवृत्त झाले होते. त्यांना दम लागायचा, आणि पत्र्याखाली जास्तच. सरकारनं दिलेली जागा होती नदीकाठच्या खोलगट शेतात, आमच्या डोंगरउतारावरच्या वरकस जमिनींपासून लांब. बाया म्हणाल्या, तिथं पुरात मरू. आम्हाला फाट्याच्या वरचा माळ द्या. आई त्यांच्या पुढे. पोलादपूरच्या कचेरीत साहेब म्हणायचा, सोमवारी या. सोमवारी आई दारात. पुन्हा सोमवारी या म्हणाला की पुन्हा दारात. फोनवर मी म्हटलं, "आई, दमत नाहीस?" ती म्हणाली, "तो दमंल. त्याची बदली व्हती, माझी कुटं व्हती?"

खरंच त्याची बदली झाली. नव्या साहेबानं माळ बघितला, मोजणी झाली.

मी तिसरं प्रपोजल त्याच महिन्यात लिहिलं. आता नियम बदलला होता. अर्जावर नाव, संस्था काहीच लिहायचं नाही, "आम्ही पूर्वी दाखवल्याप्रमाणे" असंही लिहायचं नाही. कमिटीला कळता कामा नये की हे कोण मागतंय. माझ्यासोबतचे काही जण कुरकुरले, त्यांची नावं मोठी होती. मला उलट हलकं वाटलं. माझं आडनाव आणि गाव मी इतक्या जणांना इतक्यांदा फोड करून सांगितलं होतं की एकदा तरी नुसत्या म्हणण्यावर निकाल लागावा, असं मनात होतंच. ती चार पानं मी जितक्यांदा खोडली तितकं आयुष्यात काही खोडलं नसेल.

वेळ मिळाला. थोडा, तीन सलग रात्रींचे उत्तरार्ध, पण मिळाला. मेल वाचून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले. मग तारखा बघितल्या. गुढीपाडव्याला माळावर बांधलेल्या आमच्या नव्या घराची घरभरणी होती. बाबांचा दम बघता मी त्यांना शब्द दिला होता की यंदा येणारच. माझ्या रात्री पाडव्याच्या आधीच्या आठवड्यातच आल्या होत्या. त्या वेळी मी घरी असणार होते.

हल्ली चिलीला जावंच लागतं असं नाही. तिथला ऑपरेटर दुर्बीण फिरवतो, आपण जगात कुठूनही संगणकावर बसून सांगायचं, किती वेळ बघायचं, पुढे काय. चिलीतल्या मध्यरात्रीनंतर आपल्याकडे सकाळ चढलेली असते. म्हणजे मला रात्रपाळीही नव्हती. फक्त न तुटणारं नेट हवं होतं, आणि आमच्या माळावर मोबाइलची एक काडी येते नि जाते.

महाडला माझी शाळेतली मैत्रीण वैशाली चवदार तळ्याजवळच्या गल्लीत कॉम्प्युटर क्लास चालवते. तिला फोन केला. ती म्हणाली, "ये की. पण त्या दिवसांत इथं पाय ठेवायला जागा नसते, विसरलीस का?" विसरले नव्हते. मार्चात सत्याग्रहाच्या दिवशी तळ्यावर कुठकुठून माणसं येतात, आणि वैशालीचं घर पिढ्यान्‌पिढ्या त्यांना पाणी देत, जेवण देत उभं राहतं. क्लास तेवढे दिवस बंद असतो. गावी आल्यावर मी गेले तेव्हा तिनं किल्ली माझ्या हातात दिली. "तू तुझा तारा बघ. आम्ही आमच्या तळ्यावर आहोत."

पहिल्या दिवशी सकाळीच आईला घेऊन मी क्लासवर पोचले. तिला बघायचंच होतं. स्क्रीनवर चिलीचा ऑपरेटर रोद्रिगो आला, जांभई देत. "गुड मॉर्निंग," तो म्हणाला, आणि मग हसून, "तुमच्याकडे." त्याच्या डोंगरावर वारा इतका की घुमट उघडायची परवानगी नव्हती. आम्ही दुपारपर्यंत बसून राहिलो. घुमट उघडलाच नाही. आईनं विचारलं, "आजचं भरून देत्यात का?" मी म्हटलं, नाही. गेलं ते गेलं. ती उठली. बाहेर पाण्याचे जार उतरवत होते, तिथं जाऊन मदत करू लागली.

दुसऱ्या दिवशी गर्दीनं रस्ते भरले आणि नेट मंदावलं. स्क्रीनवरचा रोद्रिगो तोंड उघडे आणि आवाज नंतर येई. वीज एकदा गेली, इन्व्हर्टर चालला. पण तिकडे आकाश स्वच्छ होतं. तारा आला, त्याचा उजेड मोजला, त्याचा वर्णपट काढला. आकडे समोर आले. तारा मंद झालेला नव्हता. होता तसाच, पूर्ण तेजात. तिसऱ्या दिवशीही तसाच.

बाहेर घोषणा चालू होत्या. वैशाली दमून आत आली, घामानं भिजलेली. माझ्याकडे बघून म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काहीच झालं नाही. तेच झालंय." तिनं हातातला पाण्याचा ग्लास माझ्यासमोर ठेवला. "मग चुकलीस?" तिनं सरळ विचारलं. सरळ विचारलं म्हणूनच मी सरळ विचार करू शकले. चुकले होते, की लवकर आले होते? जुना फोटो महिन्यातून एखादाच काढलेला, तारखेत तेवढी ढिलाई हिशेबात होतीच. आणि आता माझ्याकडे जगात कुणाकडे नव्हतं असं काहीतरी होतं. धूळ समोर यायच्या ऐन आधीचा तारा, स्वच्छ. पुढे धूळ आली तर फरक याच्याशीच ताडून बघायचा होता.

दुर्बिणीच्या संचालकांच्या हातात थोडा वेळ राखून ठेवलेला असतो, आयत्या वेळच्या गोष्टींसाठी. त्याचा अर्ज मी घरभरणीच्या आदल्या दिवशी नव्या घराच्या ओट्यावर बसून लिहिला. आत सारवणाऐवजी लादी पुसणं चालू होतं, बाबा दाराला तोरण बांधत होते आणि दर गाठीला थांबून श्वास घेत होते. मी लिहिलं की दिलेल्या तीन रात्रींत काही घडलं नाही, आणि म्हणूनच मला आणखी हवं आहे. असं वाक्य लिहायला छाती लागते. लिहून झाल्यावर लॅपटॉप घेऊन एक काडी येईल तिथपर्यंत माळ चढले आणि पाठवून दिलं.

घरभरणी झाली. बाबा पूजेला बसले, मधे उठावं लागलं, पुन्हा बसले. मुंबईहून आलेल्या सगळ्यांना बुंदी आणि भात.

मी जर्मनीत परतले त्या आठवड्यात होकार आला. आठवड्यातून एकदा, थोडा थोडा वेळ, तिथलेच लोक माझ्यासाठी मोजणार. पहिल्या मोजणीत काही नाही. दुसरीत काही नाही. मार्थानं चौकशी करणं थांबवलं, हे जास्त लागलं. तिसऱ्या मोजणीचे आकडे मी ट्राममध्ये मोबाइलवर उघडले. तारा उतरला होता. थोडासाच, पण मोजमापाच्या चुकीत मावणार नाही इतका. पुढच्या आठवड्यात आणखी. मी माझ्या थांब्यावर उतरायचं विसरले आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत गेले.

धूळ अजून त्या ताऱ्यासमोरून चालली आहे. आता आणखी तीन दुर्बिणी त्याच्याकडे वळल्या आहेत, आणि गंमत म्हणजे ज्यांनी नाही म्हटलं होतं त्यांच्यातल्या एकानंही त्यासाठी अर्ज केला आहे. माझा करार वाढला. हे सगळं आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं. जेवलीस का?"

तुम्ही मुंबईला गेलात, मी आणखी लांब, आणि मागे राहिलेलेसुद्धा डोंगरावरून खाली येऊन पुन्हा वर माळावर गेले. आपण परत जाऊ म्हणतो ती वाडी आता आपल्यापैकी कुणालाच मिळायची नाही. तिथं पायऱ्या आहेत आणि गवत. मला वाटलं होतं, हे कळल्यावर घर हा शब्दच सुटेल.

तसं झालं नाही. नव्या घराला दोन खोल्या आहेत. एक आईबाबांची, दुसरी माझी, असं आई म्हणते. माझ्या खोलीत तिनं नाचणीची पोती ठेवली आहेत, कारण तिथं ओल येत नाही. परवा फोनवर मी म्हटलं, दिवाळीनंतर येते.  

मग तिचा आवाज आला, फोनकडे नव्हे, बाबांकडे, "आवो, पोती हलवाया लागतील. मनीषा येतीय."