रायपूरवरची दहा मिनिटं

विमानाच्या इंधनाचा रॉकेलसारखा वास आला की ती पौषातली सकाळ आठवते. भिलाईला, सेक्टर दोनच्या घरी, बाबा शेवटचे श्वास मोजत होते आणि मी कॉकपिटमधल्या जादा खुर्चीवर बसून जवळच्या रायपूर विमानतळाकडे निघालो होतो. विमान कंपनीत उड्डाणांचं नियोजन हेच माझं काम; त्या उड्डाणाचं इंधनही मीच ठरवलेलं. रायपूरवर धुकं असं, की विमानाला स्वतःचे पंख दिसेनात. घिरट्यांत जादाचं इंधन संपलं. “दहा मिनिटं अजून थांबा न, साहेब,” मी म्हणालो. कॅप्टननं इंधनाच्या हिशेबाचा कागद पुढं केला. “मग नागपूर गाठायला कमी पडेल. सही कुणाची?” “माझी. वळवा नागपूरले.” तिथं दीडशे प्रवासी दीड हजारांच्या आवाजात माझ्यावर ओरडले, “धुकं आधी दिसत नाही काय तुमाले?” मी प्रत्येकाची माफी मागितली. भिलाईला पोचलो तेव्हा बाबांना नेऊन झालं होतं. त्या प्रवाशांतला एखादा आज भेटला, तरी मी माफीच मागेन.