एक रिटर्न, एक सिंगल

कचेरीत मला सगळे ‘टाइमटेबल’ म्हणत. वर्ध्याहून कुठं जायचं असलं की माणसं आधी माझ्या टेबलाशी यायची. मेल सोडा, पॅसेंजर धरा; नागपूरचं कशाला, अलीकडच्या अजनीचं तिकीट काढा, चार पावलं चाललं तर पाय झिजत नाहीत, असे माझे सल्ले असत. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असं लोक तोंडावर म्हणायचे. मला राग यायचा नाही. उलट अंगावर मूठभर मांस चढायचं.

त्या वर्षी देवळीला, आमच्या गावी, बाबांच्या खोकल्यातून रक्त पडू लागलं. वर्ध्याच्या डॉक्टरांनी नागपूरचा मोठा दवाखाना सांगितला, तोही काही महिन्यांसाठी. छातीच्या रोगाचा माणूस तिकडे गेला की परत येत नाही, असं आमच्या गल्लीत पक्कं ठरलेलं होतं. गल्लीतले दोघं गेले होते, दोघंही आले नव्हते. बाबा माझ्या शब्दाखातर निघाले.

स्टेशनवर मी खिडकीत हात घालून म्हणालो, “अजनी. एक रिटर्न, एक सिंगल.” बाबा काठी टेकून माझ्या मागंच उभे होते. रिटर्न माझं होतं, कारण दुसऱ्या दिवशी मला कचेरीत हजर व्हायचं होतं. बाबांचं सिंगल काढलं, कारण अशा रोग्याला दवाखान्यातून सुटताना डॉक्टरांचा दाखला मिळाला तर गाडीभाड्यात सूट असते, हे मी शोधून काढलं होतं. शिवाय रिटर्न तिकीट तितके महिने चाललंही नसतं. ही अक्कल मी दुसऱ्या दिवशी अख्ख्या कचेरीला ऐकवली. ज्यांचं तिकीट होतं त्यांना सांगायचं मात्र राहून गेलं.

गाडीत बाबांनी एवढंच विचारलं, “तू उद्या वापस जाशीन ना?”

“हो, उद्याच.”

“मंग बरं हाय.”

सिंदी स्टेशन गेल्यावर त्यांनी करदोड्याला बांधलेली घरच्या पेटीची किल्ली सोडली आणि माझ्या हातात दिली. “हे आता तुह्यापाशीच ठेवजो.” दवाखान्यात हरवेल म्हणून देताहेत, असं मी समजलो आणि खिशात टाकली.

मग मी दर रविवारी जाऊ लागलो. एका रविवारी त्यांनी काठी परत पाठवली. पुढं घोंगडी. मग एकदा खाटेखालून वाहाणा काढून माझ्यापुढं सरकवल्या. “ह्या घेऊन जाय. मले इथं कुठी जा लागते?” मी त्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या. सुटतील तेव्हा सामान कमी असेल, हमाल करावा लागणार नाही, असा हिशेब माझ्या डोक्यात. औषध लागू पडत होतं, अंग भरत होतं, पण बाबांचं बोलणं कमी होत चाललं होतं. विचारायला हवं होतं. मी गाड्यांच्या वेळा बघत बसलो.

चार महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, घेऊन जा. मी आधी दाखला लिहून घेतला आणि तो नाचवतच बाबांच्या खाटेशी आलो.

“बाबा, हे पाहा! तिकिटाले सूट भेटते याच्यावर. म्हणूनच तर येताना तुमचं रिटर्न काढलं नव्हतं.”

त्यांना वाचता येत नव्हतं. तरी कागद हातात घेऊन ते कितीतरी वेळ बघत राहिले.

“याच्यासाठी नव्हतं काढलं?”

“मंग अजून कायच्यासाठी?” मी म्हणालो, आणि म्हणतानाच मला एकेक आठवत गेलं. किल्ली, काठी, घोंगडी, वाहाणा. एकेक वस्तू ते घरी पाठवत होते आणि मी हमाली वाचल्याच्या आनंदात नेत होतो. चार महिने माझा बाप असं धरून बसला होता की पोरगा आपल्याला मरायला सोडून गेला आहे. तरी दर रविवारी मला विचारत होता, तू जेवला का?

“मले वाटलं...” ते म्हणाले. मला भरल्या वॉर्डात रडू फुटलं. आवरता आवरेना.

बाबांनी पाठीवरून हात फिरवला. “चाल आता. गाडी जाईन.” खाटेवरून उतरून त्यांनी सवयीनं पायांनी खाली चाचपलं. वाहाणा देवळीला होत्या. मीच नेऊन ठेवल्या होत्या.