बिघाड मशीनमध्येच आहे

मी श्रवणशास्त्र शिकवते. कानाचे डॉक्टर वेगळे, ते औषध घालतात, ऑपरेशन करतात. आम्ही माणसाला किती ऐकू येतं ते मोजतो, गरज असेल तर ऐकण्याचं यंत्र बसवून देतो आणि ते यंत्र कपाटात ठेवून दिल्याबद्दल माणसाला रागावतो. परभणीत हा फरक समजावून सांगण्यात माझी अर्धी नोकरी गेली. शेजारच्या काकू अजूनही मला कान ठणकला की औषध विचारतात. मीही आता लसूण-तेल सांगून मोकळी होते.

आमचा विभाग विद्यापीठाचा, पण विद्यापीठ लांब आणि आम्ही इथे, रेल्वे लायनीच्या बाजूला एका तळमजल्यावर. कान तपासायला लागते ती खोली शांत हवी, इतकी की आपला श्वास आपल्याला ऐकू यावा. अशी खोली लायनीला खेटून बांधायचं ज्याच्या डोक्यातून निघालं, त्याला मी नोकरीला लागल्यापासून शोधते आहे. गाडी आली की तपासणी थांबवायची, गाडी गेली की पुन्हा सुरू करायची. आमच्या मुली परीक्षेत कानातल्या हाडांची नावं विसरतात, पण गाड्यांचं वेळापत्रक कधी विसरत नाहीत.

आमच्याकडे एक रोजचा रिवाज आहे. सकाळी पहिला पेशंट आत यायच्या आधी तपासणीचं मशीन स्वतः ऐकून बघायचं. ज्याचे कान ठणठणीत आहेत अशा माणसाने हेडफोन घालायचा आणि एकेक आवाज ऐकायचा, जाड, मध्यम, बारीक, आधी उजवीकडे, मग डावीकडे. सगळं नीट ऐकू आलं की वहीत 'ठीक' लिहून सही करायची. एखादा आवाज बारीक आला की मशीन बिघडलं. विभागात ठणठणीत कान कुणाचे, हा प्रश्न कधी निघालाच नाही. ते माझेच होते. कानाची प्राध्यापिका म्हटल्यावर त्यात तपासायचं काय?

मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी डावीकडचा एक आवाज मला अगदी पुसट आला. आमच्या भाषेत तो चार हजारचा आवाज, रातकिड्याइतका बारीक. मी वहीत लाल शाईने लिहिलं, 'डावी बाजू, चार हजार, बिघाड.' नांदेडहून दुरुस्तीवाला बोलावला. तो मोटारसायकलवर आला, मशीन उघडलं, फुंकर मारली, स्वतःचा मीटर लावून मोजलं.

"मॅडम, मशीन एकदम मक्खन हाय," तो म्हणाला.

"मला ऐकू येत नाही," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग फरशीकडे बघितलं. चहा घेतला. "वायर बदलून देऊ का?" असं त्याने शेवटी विचारलं.

वायर बदलली आणि दोन दिवस मला आवाज स्पष्ट आला. खरंच आला! श्रद्धा काय काय ऐकवते, त्यावर एखादा शोधनिबंध व्हायला हरकत नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा पुसट. त्यानंतर दुरुस्तीवाला आणखी दोनदा आला. एकदा हेडफोनच नवा दिला, एकदा नुसताच बसून गेला. मी कंपनीला 'अत्यंत खेदाने कळवावे लागते की' अशी सुरुवात करून दोन पानी पत्र पाठवलं. त्या महिन्यांत ज्या ज्या पेशंटचा आलेख डावीकडे चार हजारला खाली आला, त्या प्रत्येकाला मी मशीनवर अविश्वास दाखवत पुन्हा बसवलं. पोखर्णीला नृसिंहाच्या देवळाजवळ आमचं शिबिर होतं, तिथे एका आजोबांना मी तिसऱ्यांदा हेडफोन घातला तेव्हा ते वैतागून म्हणाले, "बाई, आवाज येतोय का न्हाई ते तुमीच ठरवा अन् लिहून टाका. मशीन तुमचंच हाय." मुली तोंडाला ओढणी लावून हसल्या. मी कुणाला म्हणून सोडलं नाही.

त्याच सुमाराला मला आणखी एक गोष्ट जाणवायला लागली होती. हल्लीची पोरं पुटपुटतात. वर्गात उत्तरं देताना, मीटिंगमध्ये, फोनवर, सगळीकडे. एक अख्खी पिढी तोंड न उघडता बोलायला लागली आहे, असं माझं ठाम मत झालं होतं आणि ते मी मोठ्या आवाजात सांगत असे.

फेब्रुवारीत सकाळच्या तपासणीची पाळी शेवटच्या वर्षाच्या एका मुलीवर आली. ही चुडाव्याहून रोज गाडीने यायची. कमी बोलणारी, वेळेवर येणारी, डबा एकटीने खाणारी. तिने पहिल्या दिवशी वहीत लिहिलं, 'ठीक.' दुसऱ्या दिवशी, 'ठीक.' आठवडाभर ओळीने 'ठीक.' माझ्या लाल शाईखाली तिची निळी शाई बघून माझं डोकं फिरलं. आमच्या धंद्यात न ऐकता 'ठीक' लिहिणं यासारखं दुसरं पाप नाही, कारण त्या मशीनच्या भरवशावर कुणाच्या तरी लेकराचं पुढचं ठरणार असतं.

"डावा चार हजार ऐकलास?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

"ऐकला मॅडम."

"आला?"

"आला मॅडम."

"खोटं बोलतेस."

ती खालच्या आवाजात काहीतरी म्हणाली. मी ओरडले, "पुटपुटू नकोस!" तेव्हा तिने मान वर केली. "मॅडम, मी हेडफोन उलटा घालून बी बघितला. मशीन बरोबर हाय."

हेडफोन उलटा घालून बघणं ही मीच शिकवलेली युक्ती. लाल बाजू उजव्या कानावर असते, निळी डाव्यावर. एका बाजूचा आवाज कमी वाटला तर बाजू बदलून घालायच्या. कमीपणा हेडफोनबरोबर दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष मशीनचा. जागच्या जागी राहिला तर दोष ऐकणाऱ्याचा. दरवर्षी पहिल्याच आठवड्यात मी हे फळ्यावर काढून दाखवते. आणि तीन महिन्यांत मी ते स्वतः एकदाही केलं नव्हतं. दोष ऐकणाऱ्याचा असायची शक्यता मनात यायला ऐकणारा दुसरा कुणी असावा लागतो.

"मला शिकवू नकोस," मी म्हटलं आणि तिच्या लॉगबुकवर सही करणार नाही असं जाहीर करून टाकलं. लॉगबुक म्हणजे वर्षभर तपासलेल्या पेशंटांची नोंदवही. त्यावर माझी सही नसेल तर परीक्षेचा फॉर्म भरता येत नाही, आणि फॉर्मची शेवटची तारीख शनिवार होती. तिच्या घरच्यांनी तिला शिकायला एवढंच वर्ष दिलं होतं, हे मला दुसऱ्या मुलींकडून कळलं होतं. तरी मी सही केली नाही. माझा स्वभाव वाईट आहे, हे इथेच सांगून टाकते.

शुक्रवारी दुपारी ती लॉगबुक घेऊन माझ्या दारात आली. रडली नाही, विनवण्या केल्या नाहीत. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी उठले आणि म्हटलं, चल, आज सोक्षमोक्षच लावू.

तिला तपासणीच्या खोलीत माझ्याकडे पाठ करून बसवलं आणि मी मशीनपाशी बसले. डावा, चार हजार. इतका हळू आवाज सोडला की तो कुत्र्यालासुद्धा ऐकू येऊ नये. तिचं बोट वर. पुन्हा सोडला, बोट वर. मध्येच नुसता हात बटणावर ठेवला आणि काहीच दाबलं नाही. बोट खालीच. मी दहा वेळा फसवायचा प्रयत्न केला आणि ती दहाही वेळा फसली नाही. आवाज तर येत होता.

मग तिला मशीनपाशी बसवून मी आत बसले आणि हेडफोन उलटा घातला. निळी बाजू उजव्या कानावर, आणि त्या बिघडलेल्या, पत्रात बदनाम केलेल्या निळ्या बाजूतून रातकिडा लख्ख वाजला. लाल बाजू डाव्या कानावर होती. तिथून काही नाही. बिघाड होता, तो लाल आणि निळ्याच्या बरोबर मध्ये होता.

"गाडी येतेय का गं?" मी विचारलं.

"न्हाई मॅडम. आता तासभर एक बी न्हाई."

"मला थोडी सर्दी आहे."

"हो मॅडम," ती म्हणाली आणि नवा फॉर्म घेतला.

पेशंट म्हणून मी किती नालायक आहे, हे मला त्या अर्ध्या तासात कळलं. काचेत तिचा खांदा हलताना दिसतो का ते मी चोरून बघितलं. तिने माझी खुर्ची फिरवली. आवाज आला नाही तरी आता यायला हवा, या हिशोबाने मी बोट वर केलं. तिने सूचना पहिल्यापासून पुन्हा सांगितल्या, शांतपणे, जसं मी शिकवलं होतं आणि जसं मी स्वतः कधीच सांगत नाही. मग प्रश्न. मोठ्या आवाजात काम करता का? मी म्हटलं, छे! ती थांबली आणि म्हणाली, "मळणीयंत्र, मॅडम?"

मळणीयंत्रावर काम करणाऱ्यांचे कान हा माझा संशोधनाचा विषय. किती तरी हंगाम मी सोयाबीनच्या धुरळ्यात उजव्या हातात आवाज मोजायचा मीटर धरून उभी राहिले, डावी बाजू यंत्राकडे. मजुरांना कानात घालायचे बोळे वाटले. स्वतः घातले नाहीत, कारण मला लोकांशी बोलायचं होतं. आणि 'धोक्याची माहिती असूनही निष्काळजीपणा आढळतो' असं मजुरांबद्दल निबंधात लिहिलं. ते वाक्य मला फार आवडायचं.

तिने कागदावर डाव्या कानाच्या निळ्या फुल्या मांडल्या. त्या जोडायच्या आधीच मी ओळखलं. सरळ चालता चालता चार हजारपाशी खड्ड्यात पडणारी रेघ. मोठ्या आवाजाने गेलेल्या कानाचा हा खड्डा मी दरवर्षी फळ्यावर काढते.

तिने पेन बाजूला ठेवलं.

"मॅडम, घरचं कोणी सोबत हाय का?"

आम्ही एकट्या माणसाला निकाल सांगत नाही. पहिल्या वाक्यानंतर त्याला पुढचं काही उमगत नाही, म्हणून बरोबर कुणीतरी लागतं. इतकी वर्षं मी हा प्रश्न विचारत आले, अर्धं लक्ष पुढच्या पेशंटकडे ठेवून. तो आपल्याला विचारला की काय वाटतं, ते मला माहीत नव्हतं. भीती वाटली. मी म्हटलं, "नाही, कुणी नाही."

"मग मी बसते," ती म्हणाली आणि स्टूल ओढून माझ्या उजव्या बाजूला बसली. तिने मला सगळं पहिल्यापासून सांगितलं, मला यातलं काहीच ठाऊक नाही असं धरून. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं सांभाळायचं, वर्गात उजवी बाजू मुलांकडे ठेवायची. मी मध्ये बोलले नाही. ती पुटपुटतही नव्हती. मग तिने घड्याळ बघितलं, पिशवी उचलली आणि गाडीसाठी पळत गेली.

पाच मिनिटांनी माझी नजर टेबलावर गेली. तिचं लॉगबुक तिथेच होतं. ज्या एका सहीसाठी ती आली होती, ती मला समजावण्याच्या नादात मागायचीच विसरली होती. मला इतकी लाज वाटली की बसवेना. मी एकेका पानावर सही केली, शेरा लिहायच्या जागी 'मशीनची तपासणी अचूक, शिक्षिका चुकली' असं लिहिलं आणि समोर सापडली ती चप्पल घालून स्टेशनकडे धावले. या वयात आणि या वजनाने. रिक्षावाले कौतुकाने बघत होते.

गाडी उभी होती. ती खिडकीत दिसली. मी वही गजांतून आत दिली. तिने पानं चाळली, शेरा वाचला आणि तिचे डोळे भरून आले. मग ती काहीतरी बोलली, तेवढ्यात इंजिनाने शिटी दिली. गेले काही महिने अशा वेळी मी मान डोलावून द्यायची, हसून वेळ मारून न्यायची.

"परत सांग," मी म्हटलं. "मला ऐकू आलं नाही."

ती गजांना तोंड लावून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "घरी आजच सांगा मॅडम. मनात ठेवू नका."

"सांगते," मी म्हटलं. गाडी हलली. मी घरी गेले आणि चपलासुद्धा न काढता घरच्यांना सांगितलं.