आमच्याच गाडीचा आवाज

हुबळीत मोटारसायकलचा आवाज वाढवून देणारे गल्लोगल्ली सापडतात. कमी करून देणारा शोधायला मला अख्खा गोकुळ रोड पालथा घालावा लागला. तो का घालावा लागला हे आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

माझा नवरा धारवाडपलीकडच्या बेलूरला एका कारखान्यात आहे. पहिली पाळी असली की उजाडायच्या आत घर सोडायचं, हुबळीहून धारवाड गाठायचं आणि तिथून पुढे. मी लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेच्या ऑफिसात आहे आणि आमची लेक त्याच शाळेत शिकते. म्हणून घर हुबळीत भाड्यानं घेतलेलं आणि रोजची दगदग नवऱ्याच्या वाट्याला. लेकीची दहावी पार पडेपर्यंत घर हलवायचं नाही, हे आमचं दोघांचं पक्कं ठरलं होतं. घर बदलणं म्हणजे आमच्यासारख्यांना काय असतं ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

गाडी जुनी. पावसाळ्यांनी सायलेन्सर खालून कुजला होता, बोट घातलं की गंजाचा पापुद्रा हातात यायचा. ते मॉडेल बंद झालेलं, त्यामुळे कंपनीचा सायलेन्सर मागवायचा म्हणजे वाट बघा आणि वर हात सैल सोडा. गोकुळ रोडवरच्या एका गॅरेजवाल्यानं लोकल बनावटीचा स्वस्तातला बसवून दिला. "आवाज जरा जाड येईल अक्का, बाकी काही फरक नाही," म्हणाला. आवाज जाड आला हे खरं. पण आमच्या गल्लीत तो कुणाच्या कानात भरण्यासारखा नव्हता, कारण आमच्या घरमालकांच्या मुलाची गाडी त्याच गल्लीत राहते. तिचा सायलेन्सर त्यानं हौसेनं बदललाय. ती गाडी गल्लीत शिरली की लक्ष्मीपूजनाची माळ लागल्यासारखी फुटते आणि पाळण्यातली पोरं दचकून रडायला लागतात.

घरमालक खाली राहतात, आम्ही वर. नवा सायलेन्सर बसवून आणला त्या दिवशी मालक स्वतः बाहेर आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "भारी आवाज आहे की! गाडी कशी मर्दासारखी वाटायली बघा." नवरा लाजून हसला. हे मी मुद्दाम सांगते आहे. हाच सायलेन्सर, हाच आवाज आणि हाच माणूस.

आता मालकीणबाईंविषयी. त्यांचं आणि माझं छान जमायचं. हुबळीत नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही, साठवलेलं पाणी प्यावं लागतं, आणि आमच्याकडे चांगला फिल्टर आहे. त्या रोज संध्याकाळी बाटल्या घेऊन वर यायच्या, थेट स्वयंपाकघरात. मग मेथी निवडत माझ्या ओट्याला टेकून उभ्या राहायच्या आणि गप्पा मारायच्या, अर्ध्या कन्नडात, अर्ध्या मराठीत. हॉलमधल्या शोकेसमध्ये आमच्याकडे बुद्धाची मूर्ती आहे. ती त्यांना फार आवडायची. "किती शांत वाटतं हो बघून! शोपीस कुठून आणलाय? मलाही एक आणून द्या की," असं त्या दोनदा-तीनदा म्हणाल्या होत्या. हल्ली हॉटेलात, ब्यूटी पार्लरात, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये सगळीकडे बुद्ध बसवलेला असतो, त्यामुळे त्यांना तो शोपीस वाटला यात त्यांचा दोष नाही. मीही काही बोलले नाही. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून कुणाच्या हाताला काही लागत नाही. आम्ही लपवलं नव्हतं. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, इतकंच.

एप्रिलमध्ये जयंतीला बेळगावहून माझ्या नणंदा आल्या. सगळ्या पांढऱ्या साड्यांत. लेकीनं आपल्या अभ्यासाच्या टेबलावरचा निळ्या कोटातला फोटो हॉलमध्ये आणून मूर्तीशेजारी ठेवला, हार घातला, मेणबत्त्या लावल्या आणि आम्ही वंदना म्हणायला उभे राहिलो. नेमक्या त्याच वेळी मालकीणबाई बाटल्या घेऊन दारात. वंदना संपेपर्यंत त्या उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. मी मागे वळून "या की आत" म्हटलं. त्या मूर्तीकडे बघत होत्या, फोटोकडे बघत होत्या आणि मग माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांची फसवणूक केली आहे. "नीव याव मंदी री?" त्यांनी हळूच विचारलं. म्हणजे तुम्ही कुठली माणसं. मी म्हटलं, "बौद्ध." त्या "हां, हां" म्हणाल्या आणि रिकाम्या बाटल्या घेऊन खाली गेल्या.

त्याच आठवड्यात त्यांच्या घरी नवा फिल्टर बसला.

आणि त्याच्या पाठोपाठ मालकांच्या कानाला आमच्या गाडीचा आवाज लागायला लागला. जिना चढून वर आले. आत बोलावलं तर नको म्हणाले. दारातूनच म्हणाले, "अक्का, तुमच्या गाडीचं सप्पळ फार होतंय. पहाटे झोप मोडते. मला बीपी आहे. मेअखेर दुसरीकडं कुठं बघितलात तर बरं होईल."

सप्पळ म्हणजे आवाज. महिन्याभरापूर्वी मर्दानी होता तो आवाज आता बीपी वाढवायला लागला होता. मी म्हटलं, "आणि खालची गाडी? ती काय बासरी वाजवत येते?" त्यावर म्हणाले, "ते पोरगं आहे हो. पोरांचं काय धरायचं?" पोरगं चांगलं दाढीमिशावालं आहे, पुढच्या वर्षी लग्न करतील त्याचं. म्हणतात ना, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. इथं तर मुसळ दारात उभं होतं आणि फटाके फोडत होतं.

नवरा म्हणाला, "जाऊ दे. बघू दुसरं घर." तो असाच आहे. कारखान्यातही त्याचा वर चढलेला आवाज कुणी ऐकला नसेल. पण मी जाऊ देणारी नव्हते. जूनमध्ये लेक दहावीत जाणार होती. तिचं टेबल, तिची खिडकी, चालत गाठता येणारी शाळा, हे सगळं सोडून पुन्हा दारोदार हिंडायचं आणि प्रत्येक दारात त्या प्रश्नाची वाट बघत उभं राहायचं? आणि कशासाठी, तर सायलेन्सरसाठी? मला मालकांचा डाव स्वच्छ दिसत होता. साप तर मरायला हवा होता, पण काठी मोडायला नको होती. खरं कारण तोंडातून काढलं तर कायदा आडवा येतो हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. म्हणून गाडी पुढे केली होती. मी ठरवलं की निमित्तच काढून घ्यायचं. मग बघू काय उरतं ते.

सुट्टी काढून मी स्वतः गाडीबरोबर गोकुळ रोडला गेले. नवरा गाडीवर, मी मागे. पहिल्या गॅरेजात आवाज कमी करायचाय म्हटल्यावर तिथली माणसं एकमेकांकडे बघून हसली. दुसऱ्यानं विचारलं, "गाडी विकायची आहे काय?" तिसऱ्यानं उलट अजून जाड आवाजाचा पाइप काढून दाखवला, वर "हा फार चालतो" म्हणून सांगितलं. मी म्हटलं, "अहो, कमी, कमी!" तर म्हणाला, "यारू केळंगिल्ल री." असलं कुणी मागतच नाही! सगळ्या गावाला आवाज हवा आहे, आपला मोठा आणि दुसऱ्याचा बंद.

शेवटी ज्यानं तो सायलेन्सर बसवला होता त्याच्याकडेच गेलो. तो आधी म्हणाला की हा आवाज काहीच नाही. मी म्हटलं, "तुम्हाला नसेल. आमच्या मालकांना आहे. गाडी इतकी गप्प करून द्या की शेजारी उभ्या माणसाला विचारावं लागलं पाहिजे, चालू आहे का बंद."

त्यानं डोकं खाजवलं आणि कामाला लागला. भोकं पाडलेली एक छोटी नळी घेतली, तिच्याभोवती काचेची लोकर गुंडाळली, वरून बारीक जाळी ओढून तारेनं आवळली. ती लोकर पिळून धरायला मी हात पुढे केला आणि घरी येईपर्यंत कोपरापर्यंत खाज सुटली होती. नळीच्या तोंडाला चकती वेल्डिंग केली, सायलेन्सरच्या शेपटाकडून ती आत सरकवली, आरपार भोक पाडून बोल्ट मारला. मग किक मारली. गाडी चालू झाली आणि तिच्या पोटातला जाड आवाज गेला. पातेल्यावर झाकण ठेवल्यावर उकळी जशी ऐकू येते तेवढंच काय ते उरलं. "आता ओढायला थोडी दमेल," तो म्हणाला. दमायची तर दमू दे म्हटलं. धारवाडच्या चढाला ती खरंच दमते, नवऱ्याला खालचा गिअर टाकावा लागतो आणि पोचायला उशीर होतो. म्हणजे दुसऱ्याच्या बीपीचा भारही आमच्याच इंजिनावर.

रविवारी सकाळी मालक कट्ट्यावर पेपर वाचत बसले होते. मालकीणबाई शेजारी मेथी निवडत होत्या. समोरच्या घरातली माणसं दारात ब्रश करत होती. मी खाली उतरले, नवऱ्याला म्हटलं, "अहो, चालू करा." त्यानं केली. मी मालकांना म्हटलं, "ऐका."

मालकांनी पेपर खाली केला. ऐकण्यासारखं फारसं काही नव्हतंच. समोरच्या अण्णांनी तोंडातला फेस थुंकून म्हटलं, "अरे वा, चालू आहे होय?" तेवढ्यात मालकांचे चिरंजीव कुठूनसे गल्लीत शिरले, फट्-फट्-फटाक् करत आमच्या शेजारून गेले आणि गेटात गाडी लावली. मालकांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

"आवाज गेला," मी म्हटलं. "आता सोडायचं नाही ना घर?"

"तसं नाही अक्का," ते म्हणाले. "भावाचं कुटुंब यायचं आहे म्हणे."

"म्हणे? भाऊ तुमचा आणि म्हणे काय? तुम्हीच सांगितलं होतं ना, ते मुलाकडे पुण्याला गेले, आता तिकडेच राहणार म्हणून?"

मालक कट्ट्यावरून जरा पुढे वाकले. मग आवाज अगदी खाली आणून, जणू माझ्यावर उपकार करत आहेत अशा सुरात म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात. समजून घ्या की."

हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. जे बोलायची त्यांची हिंमत नव्हती ते मी समजून घ्यायचं! त्यांनी तोंड उघडायचं नाही, मी मुकाट्यानं पेटी भरायची, लेकीला काहीतरी खोटं सांगायचं आणि वर त्यांच्या चांगुलपणाला डाग लागू द्यायचा नाही. इतकी वर्षं आमच्या माणसांनी असंच समजून घेतलं. म्हणून तर ही माणसं इतकी निवांत कट्ट्यावर पेपर वाचतात.

"नाही समजत मला," मी म्हटलं आणि मुद्दाम सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं. "कन्नडात सांगा नाहीतर मराठीत सांगा, दोन्ही येतं मला. ज्या दिवशी खरं कारण तुमच्या तोंडानं, या सगळ्यांसमोर सांगाल, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत घर रिकामं करून देते. सांगा आत्ता."

समोरचे अण्णा ब्रश तोंडात तसाच धरून उभे होते. मालकीणबाईंचे हात मेथीच्या जुडीवर थांबले. मालकांनी एकदा गल्लीकडे बघितलं, एकदा गाडीकडे. मग पेपरची घडी घालत उठले. "राहा मग," असं पुटपुटून ते आत गेले. राहा मग! दारात आलेल्याला भाकरीचा तुकडा टाकावा तसं. भाडं वेळेवर भरणाऱ्याला.

लेकीची शाळा सुरू झाली. आम्ही त्याच घरात आहोत. लोक म्हणतात, जिंकलीस की. मला तसं काही वाटलं नाही. खाली मालक रोज पहाटे जागे असतात, दिवा लागलेला दिसतो, आणि मला पक्कं ठाऊक आहे की ते कान लावून बसलेले असतात, आज तरी या लोकांचा आवाज येतो का म्हणून. झोप त्यांची आत्ता खरी मोडली आहे.

आणि एका पहाटे मी डबा देऊन बाल्कनीत आले तर काय बघते! माझा नवरा गाडीवर बसलेला नाही. गाडी हातानं ढकलत, पाय न वाजवता, गल्लीच्या कोपऱ्याकडे चाललाय. तिकडे नेऊन चालू करायची म्हणून. एवढी गप्प केलेली गाडी! मला रडू आलं आणि त्याच्यापेक्षा जास्त राग आला. त्या रागात मालकांबरोबर तोही सापडला.

"अहो!" मी वरून ओरडले. खालचा दिवा, समोरचा दिवा, कुणाचा विचार केला नाही. "कुठं चाललाय ढकलत? चोरी केली आहे काय? मागं फिरा. आपल्या दारात चालू करा."

तो थांबला. वर बघून त्यानं हातानं "हळू, हळू" अशी खूण केली. मी नाही हलले. मग त्यानं गाडी वळवली, ढकलत गेटापाशी आणली, मालकांच्या खिडकीखाली उभी केली आणि किक मारली. गाडीचा जेवढा व्हायला हवा तेवढाच आवाज झाला.