भिंतीपलीकडे न जाणारा अ‍ॅम्प

आमच्या ह्यांच्याशी दोन वाक्यं बोलायची म्हणजे पोटात चार घास आधी पडलेले बरे. एकोणतीस वर्षं खिळ्यांच्या कारखान्यात काढली त्यांनी. एकीकडून तार आत जाते, दुसरीकडून खिळे पडतात, आणि मधे असा काही दणदणाट, की मी एकदा विसरलेला डबा द्यायला गेले ती दारातूनच परत फिरले. कानात घालायला बोळे मिळायचे, पण ते घातले की यंत्र कुठे अडखळतंय ते कळत नाही, म्हणून हे काढून खिशात ठेवायचे. शहाणेच! यंत्राचं दुखणं ऐकता ऐकता स्वतःचे कान घालवून बसले.

डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज आधी जातात, जाडे मागून. झालंही तसंच. कुकरची शिट्टी गेली, दारावरची बेल गेली, पाखरं गेली. मग लेकीचा आवाज गेला, ती मुळातच हळू बोलणारी. माझा तेवढा पोचतो, कारण मी जन्माचीच घसा फाडणारी. कानाचं यंत्र आणलं, तर त्यातून माणसं ऐकू येण्याऐवजी भांडीच जास्त आदळायला लागली. ते आता कपाटात पडून आहे.

पण मला सगळ्यात लागलं ते गाण्याचं. लग्न झालं तेव्हा हा माणूस रेडिओला चिकटून बसायचा. मी काही बोलायला गेले की हात वर करायचा, ‘थांब गं, एवढं कडवं होऊ दे.’ असा संताप यायचा मला! आता रोज वाटतं, ह्यांनी एकदा तरी हात वर करून मला गप्प बसवावं.

लेकीला आम्ही मुंगी म्हणतो. जन्मली तेव्हा एवढीशी होती, नाव चिकटलं ते चिकटलंच. पंधराव्या वर्षी तिच्या डोक्यात वाद्याचं खूळ शिरलं, आणि निवडलं काय, तर बेस गिटार! चार जाडजूड तारा आणि जवळजवळ तिच्याएवढं लाकूड. शिवाय टेबलाएवढा एक अ‍ॅम्प, शाळेने वापरायला दिलेला. त्या खोक्याला जोडल्याशिवाय गिटार मुकी. पहिल्या दिवशी तिने आतल्या खोलीत सगळ्यात जाड तार छेडली. हे स्वयंपाकघरात पेपर वाचत होते. मान वर करून म्हणाले, “कोण वाजवतंय?”

माझ्या हातातलं पीठ हातातच राहिलं. कान गेल्यापासूनच्या नऊ वर्षांत ह्यांनी मला एकदाही विचारलं नव्हतं, की हा कसला आवाज म्हणून.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मुंगी वाजवायची आणि हे कपाटाला पाठ टेकून जमिनीवर बसायचे. माझ्या फळीवरच्या वाट्या चालायला लागायच्या. मी ओरडायचे, “अहो, घर पडेल!” हे डोळे मिटलेलेच. “पडू दे,” म्हणायचे.

आता मुंगीला लांबच्या कॉलेजात जागा मिळाली. शाळेचा अ‍ॅम्प शाळेत परत गेला, आणि वसतिगृहाच्या बाईंचं पत्र आलं: वाद्य चालेल, पण शेजारच्या खोलीतून एक तक्रार आली की ते घरी पाठवलं जाईल. मुंगीचा जीव टांगणीला. गिटार घरी आली तर हिची चार वर्षं कशी जायची? म्हणून एका शनिवारी दुपारी आम्ही तिघं छोटा अ‍ॅम्प बघायला दुकानात गेलो.

दुकानदार भला माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “हेडफोन लाव ना बाळा. कुणाला त्रासच नाही.”

“हेडफोनवर मला एकटीलाच ऐकू येईल,” मुंगी म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच, “बाबा भेटायला येतील तेव्हा त्यांचं काय?”

म्हणजे बाईसाहेबांना असा अ‍ॅम्प हवा होता, जो बाबांना ऐकू येईल आणि शेजारणीला येणार नाही. दुकानदाराने डोकं खाजवलं. म्हणाला, “ताई, बारीक आवाज भिंतीत अडकतो. जाडा आवाज भिंतीतून जातो. मी तरी काय करू?” ह्यांच्यापर्यंत जो आवाज पोचतो, नेमका तोच भिंतीपलीकडे जाणार.

तरी आम्ही बघायचं ठरवलं. दुकानाला लागून माल ठेवायची खोली होती. मी तिथे दार लावून बसले, शेजारीण म्हणून. पहिला अ‍ॅम्प गुडघ्याएवढा. मुंगीने सुरुवात केली तशी माझ्या डोक्यावरच्या रिकाम्या खोक्यांची झाकणं थरथरायला लागली. बाहेर येऊन बघते तर आमचे हे डोळे मिटून उभे, चेहरा असा की मला तो रेडिओवाला माणूस दिसला. मी म्हटलं, “शेजारीण पहिल्याच दिवशी तक्रार करेल.” तोवर ह्यांनी डोळे उघडले होते; त्यांनी माझे ओठ वाचले.

दुसरा त्याहून लहान. झाकणं गप्प, पण भिंतीतून घूंऽऽ यायचंच. बाहेर हे अ‍ॅम्पला तळवा लावून वाकले होते. मी मान हलवली, नाही.

तिसरा डब्याएवढा. आत मला काही म्हणजे काही ऐकू येईना. वाजवतेय की नाही म्हणून दार उघडलं, तर मुंगी रंगात येऊन वाजवत होती आणि हे तिच्यासमोर उभे राहून तालावर मान डोलवत होते.

“बाबा, येतंय ऐकू?” तिने मान वर करून, तोंड मोठं उघडून विचारलं.

“येतंय की! छान येतंय. हाच घे.”

मुंगी हसली. अशी हसली, की मलाही क्षणभर खरंच वाटलं. मग ती अ‍ॅम्पचं बटण फिरवायला पाठमोरी झाली. तारा थांबल्या, दुकान शांत झालं. ह्यांची मान मात्र डोलतच होती. इतका वेळ हा माणूस तिची बोटं बघून मान हलवत होता, आणि बोटं दिसेनाशी झाली तेव्हा कुठे थांबायचं ते त्याला कळलं नाही. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

अ‍ॅम्प बांधून घेतला आणि बसमध्ये बसलो. मुंगी खोकं मांडीवर घेऊन पुढच्या बाकावर, आम्ही दोघं तिच्या मागे. मला ह्यांना विचारायचं होतं, असं का केलंत हो? पण ह्यांना विचारायचं म्हणजे ओरडायचं, आणि पोर हातभर अंतरावर. मी नुसता ह्यांचा हात धरला.

ह्यांना कळलं मला काय म्हणायचंय ते. माझ्याकडे झुकले, अगदी गुपित सांगावं तसे. पण ज्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, त्याला कुजबुजणं कुठलं जमायला?

“काहीच आलं नाही गं ऐकू,” हे म्हणाले, आणि अख्ख्या बसने ऐकलं. “पण पोरीची गिटार तिच्यापाशी राहील.”

पुढच्या बाकावर मुंगीची मान ताठ झाली. तिने मागे वळून बघितलं नाही. आमचा थांबा येईपर्यंत ती खोक्याच्या सुतळीची गाठ सोडत होती आणि पुन्हा बांधत होती.