डोळे नसलेली गुलाबाई

रंगवायला बसले की नानाकाका श्वास घेत नसत. खारीच्या केसांचा कुंचला बाहुलीच्या भिवईवर टेकला की त्यांचे गाल फुगत, चेहरा गेरूसारखा लाल होई, आणि आम्ही मुलीही ओसरीच्या पायरीवर श्वास धरून बसत असू. रेघ संपली की ते भस्सकन हवा सोडत. "चला, एक संकट टळलं," म्हणत.

दिवसा ते कचेरीत कारकून. संध्याकाळी शनवारा मोहल्ल्यातल्या आम्हा साऱ्या मुलींचे गुलाबाईवाले काका. भाद्रपदाच्या पौर्णिमेला पार्वती गुलाबाई होऊन माहेरी येते, तिच्या मागोमाग शंकरही गुलाबा होऊन येतो. महिनाभर गाणी म्हणायची आणि कोजागिरीला दोघांना तापीत पोहोचवायचं. बोटाएवढ्या मातीच्या जोड्या कुंभाराकडून आणून नानाकाका हौसेनं रंगवत आणि आम्हाला वाटून टाकत. गाण्यांनंतर घरोघरी खाऊ ओळखायचा असे. त्यांच्याकडे दरसाल माव्याची जिलेबीच असे, आणि आम्ही ओळखली की ते दरसाल कपाळाला हात लावत.

गुलाबा त्यांचा लाडका. लाल पागोटं दिलं की झाला. "जावईबापूंना काय, मिशी पिळदार काढली की खूश!" गुलाबाईपाशी मात्र त्यांचा जीव मेटाकुटीला येई. चेहरा काढत, पुसत, पुन्हा काढत. "बराबर बनतच नाही गं पोरींनो," असं कुरकुरत. शेवटी बनायचा तो दरवेळी एकच चेहरा, हनुवटीवर तीळ असलेला. तो शांताआत्याचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ही त्यांची धाकटी बहीण, तुकईथडला दिलेली. आईवडिलांमागं तिला त्यांनीच वाढवलं होतं. गुलाबाईच्या महिन्यात ते स्वतः तिचं मूळ, म्हणजे माहेरचं बोलावणं, घेऊन जात आणि तिला माहेरी आणत.

आमच्या प्रांताची राजधानी नागपूरहून भोपाळला जायची ठरली, त्या साली कचेरीत दप्तरं बांधायचं काम निघालं. "पुढच्या साली आणतो," एवढा निरोप त्यांनी तुकईथडला धाडला. गुलाबाया मात्र त्या सालीही रंगल्या, उलट जरा जास्तच निगुतीनं.

कोजागिरीच्या तोंडावर शांताआत्या सासऱ्यांबरोबर बाजाराला आली आणि घटकाभर घरी डोकावली. मूळ आल्याशिवाय माहेरी राहायचं नाही, म्हणून उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. ओसरीवर तिचेच चेहरे ओळीनं वाळत होते. तिनं एक बाहुली उचलली, निरखून पाहिली.

"मला रंगवायला टाइम होता भाऊ," ती म्हणाली, "आणायला नव्हता."

नानाकाका आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन येईपर्यंत ती कोपऱ्यावर पोहोचली होती.

मग ते दरसाल मूळ घेऊन गेले. कधी कापूस वेचायचा असे, कधी म्हैस व्यायला झालेली असे. आत्या काही आली नाही. परत आले की ते गुलाबाई रंगवायला घेत. नथ काढत, कुंकू काढत, तीळही काढत. डोळे तेवढे काढत नसत. आम्ही रुसायचो, भांडायचो. "ती आली की काढू," म्हणून ते गुलाबाच्या मिशीकडे वळत. मला त्यांचा रागही यायचा आणि कीवही यायची. कुणी इतकं मनाला लावून घेतं का? पण तशी गुलाबाई तापीत सोडताना मलाही तिच्या तोंडाकडे बघवत नसे.

नानाकाका गेले ते श्रावण सरता सरता. त्या साली ओसरीवर आम्हीच गुलाबाई बसवली, त्यांच्याकडची गेल्या सालची उरलेली, डोळे नसलेली. तेव्हा शांताआत्या आली. या खेपेला मूळ न्यायला कुणी नव्हतं, आपली आपण आली. येऊन त्या बाहुलीसमोर बसली.

"दरसाल यायचा गं भाऊ," ती मला म्हणाली. "मला वाटायचं, अजून एकदा येऊ दे. अजून एकदा 'चल' म्हणू दे."

मग तिनं कुंचला मागितला. मी काजळ कालवून दिलं. बाहुली तळहातावर घेऊन तिनं गाल फुगवले, अगदी त्यांच्यासारखे, आणि डोळे काढले. एक जरा मोठा झाला. रेघ कधीच संपली होती, तरी तिला श्वास सोडता येईना.