एका बाजूला अहरोन, दुसऱ्या बाजूला हूर

"गियान-बारे सिंड्रोम," डॉक्टर म्हणाले. मला आधी वाटलं, एखाद्या अत्तराचं नाव सांगताहेत.

मग त्यांनी समजावलं. पोट बिघडून गेल्यावर कधीकधी शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर तुटून पडते. म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं! पायांना मुंग्या येतात, मग त्या वर चढतात आणि ताकद जाते. माझे तर कणकेच्या परातीतून हातच उचलेनात.

"हात परत येतील ना?" मी विचारलं. घरी ब्लाउज शिवणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार?

"बहुतेक येतील. पण सावकाश. धीर धरा."

धीर हे औषध आमच्या घराण्यात कुणी घेतलेलं नाही.

नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली. त्यात विजेचे बारीक झटके देऊन नसा निरोप किती वेगाने पोचवतात ते बघतात. दुखतं, पण सोसवतं. मग आयव्हीआयजी, म्हणजे निरोगी माणसांच्या रक्तातून काढलेलं औषध, सलाइनसारखं चढवलं.

खरा छळ जेवणाचा. नवरा, शालोम, कामावर गेला की हाटकेश भागातल्या आमच्या बिल्डिंगमधली शेजारीण नजमा भरवायला यायची. मी तोंड मिटून घ्यायची. भूक नाही म्हणायची.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मूळचे रायगडातले. दर शनिवारी तोराचा, आमच्या धर्मग्रंथाचा, ठरलेला भाग वाचतात. त्या शनिवारी शालोमने खाटेशी बसून वाचला. आमच्या पूर्वजांची अमालेक नावाच्या शत्रूशी लढाई चालली आहे. आपला पुढारी मोशे, त्याचे हात वर असले की आपली सरशी, खाली आले की अमालेकाची. शेवटी मोशेचे हात जड झाले. तेव्हा त्याला दगडावर बसवून एका बाजूने त्याचा भाऊ अहरोनने आणि दुसऱ्या बाजूने हूरने त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत धरून ठेवले.

लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. पण समुद्र दुभंगताना पाहिलेला हा माणूस "राहू दे, माझं मी बघतो" म्हणाला नाही. गुमान बसला दगडावर. मग माझी काय टाप?

दुपारी नजमा खिचडी घेऊन आली. मी आ केला.

"आज सूरज किधर से निकला?" ती म्हणाली. मला इतकं हसू आलं की अर्धी खिचडी चादरीवर.

तुमच्यापैकी कुणाच्या मुंग्या अशा वर चढू लागल्या तर घरी थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. आणि कुणी हात धरायला आलं तर धरू द्या. त्यात कमीपणा नाही.

फिजिओथेरपीने बोटं हळूहळू ताळ्यावर आली. शालोम आमच्या प्रेषिताला, एलियाहू हन्नबीला, नवस बोलला होता, म्हणून घरी मलिदा करायचा ठरला. आमचा मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं. शालोम नजमाला एवढंच म्हणाला, "मलिदा है, आ जाना."

ती आली ती डबा भरून तिचा मलिदा घेऊन. तुपागुळात चुरलेल्या पोळ्या!

"आप लोग बोले ना, मलीदा है? तो मैं बना के लाई!"

"आता साहेबलोक खातात तो तेवढा राहिला," शालोम म्हणाला.

दोन्ही मलिदे एकाच ताटात वाढले. प्रार्थना झाली. ताट उचलायला मी हात पुढे केले. थरथरले, पण उचललं. छातीपर्यंत. शालोमच्या डोळ्यांना धार लागली, नजमाने ओढणी तोंडाला लावली.

"रडताय काय," मी ओरडले, "खा!"